बॅकअपचं नुसतं दर्शन नको, वाचनही हवं



या वेळी विषय स्वयंपाकघरातला नाही, बैठकीच्या खोलीतल्या कपाटावरचा आहे. आमच्या घरी तिथे चपलांच्या खोक्याएवढा एक काळा डबा असतो. त्यात दोन हार्ड डिस्क, मागे एक केबल आणि पुढे हिरवा दिवा. दुकानात त्याला नॅस म्हणतात, आमच्याकडे नुसतं ‘डबा’. घरातले सगळे फोन आणि दोन संगणक रात्री आपापली प्रत त्यात टाकतात. यंदा वैशाखात हा सात वर्षांचा डबा निवृत्त केला आणि सगळा ऐवज नव्या डब्यात हलवला. काम मी स्वतः केलं. करता करता एक मत पक्कं झालं. ते पटतं का बघा.

माझं म्हणणं असं. बॅकअप आपल्याकडे ‘असतो’, पण आपण तो उघडून वाचत नाही. जी प्रत कुणी वाचून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबू नये. आणि ती वाचायची सगळ्यात योग्य वेळ म्हणजे ती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हलवायची वेळ.

बॅकअप कधी मूळ प्रत होतो, ते कळतही नाही

आमच्या डब्यात काय आहे ते सांगते. लग्नांचे, बारशांचे, यात्रांचे फोटो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची आणि घराच्या करारनाम्याची स्कॅन केलेली पानं. ह्यांच्या कामाच्या बारा वर्षांच्या फायली. सासूबाईंनी सांगितलेल्या आणि मी टाइप केलेल्या पाककृती. आणि मामंजींच्या आवाजातलं भक्तामर. मामंजी २०१९ मध्ये गेले. रोज सकाळी ते ज्या चालीत म्हणत, ती चाल आता आमच्यापैकी कुणालाच नीट येत नाही. ती या डब्यातल्या अकरा फायलींमध्ये आहे.

या फायली ज्या फोनवर रेकॉर्ड केल्या, तो फोन कधीच भंगारात गेला. म्हणजे आपण ज्याला ‘बॅकअप’ म्हणतो ती दुसरी प्रत राहिलेलीच नाही, ती एकुलती एक प्रत झाली आहे. तुमच्याकडेही असंच असणार. फोनमध्ये जागा नाही म्हणून आपण फोटो पुसतो, ‘बॅकअप आहेच की’ म्हणतो, आणि त्या क्षणी बॅकअपची मूळ प्रत होते. मूळ प्रतीला जपावं तसं मात्र आपण त्याला जपत नाही.

‘क्लाउड आहे ना?’ असं माझी मुलगी म्हणते. आहे, वापरावाही. पण गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली. शिवाय दोन वर्षं कुणी न वापरलेलं वैयक्तिक खातं त्यातल्या सामग्रीसकट काढून टाकण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. गेलेल्या माणसाचं खातं रोज कोण उघडतं? आणि अशा बऱ्याच सेवा फोनशी जोडलेल्या असतात. फोनमधून फोटो पुसला की तिथूनही पुसला जातो. त्याला आरसा म्हणावं. आरशासमोरची वस्तू गेली की आरशातलीही जाते.

डब्यातल्या दोन डिस्कचंही तेच. दोन्हींवर सारखंच लिहिलेलं असतं, त्यामुळे एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हींवरून पुसलं जातं. आणि दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच वयाच्या. एकीने मान टाकली की तिच्या जागी नवी घालून सगळं पुन्हा भरताना दुसरीवर कित्येक तास ताण पडतो, आणि तीही थकलेलीच असते. त्यात वांद्र्याची हवा दमट आणि खारट. इथे लोखंडी कडीला गंज चढतो, तर यंत्रांच्या जोडण्या कशा सुटतील? आमच्या डब्याने एका डिस्कवर खराब जागा वाढत असल्याची सूचना दिली, शिवाय बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं होतं. म्हणून पावसाळ्याआधी हलवायचं ठरलं. चातुर्मासात आपले साधू विहार करत नाहीत. डब्यानेही करू नये. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

मूडबिद्रीची गोष्ट

नवा डबा घेतला त्या दुकानातल्या मुलाचं मत अगदी सोपं होतं. ‘मॅडम, आमच्याकडे देऊन जा, संध्याकाळी कॉपी करून देतो. जुन्या डिस्क एक्स्चेंजमध्ये घेऊ.’ मी नको म्हटलं. कारण सांगायला मूडबिद्रीची गोष्ट सांगावी लागेल. तुमच्यापैकी अनेकींना ती ठाऊक असेल.

षट्खंडागमावरची धवला टीका, तसंच जयधवला आणि महाबंध, यांच्या ताडपत्रावरच्या प्रती शेकडो वर्षं कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. यात्रेकरू जायचे, ग्रंथांचं दर्शन घ्यायचे, हात जोडून परत यायचे. वाचत कुणी नव्हतं. जुनी कन्नड लिपी वाचणारेच थोडे उरले होते आणि ताडपत्रं झिजत चालली होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी हे पाहून मनावर घेतलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रती उतरवण्याचं काम सुरू झालं. ते पुढे कित्येक वर्षं चाललं. त्यातूनच कालांतराने एक प्रत बाहेर पडली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या. मग डॉ. हिरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीत बसून, सहकारी पंडितांसह, संपादन केलं. धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये निघाला. एकूण सोळा खंड झाले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पहिल्या भागातल्या ९३ व्या सूत्रात, जे मनुष्यिणींविषयी आहे, ‘संजद’ हा एक शब्द संपादकांच्या हातातल्या प्रतींत नव्हता. अर्थ लावताना त्यांना वाटलं की इथे हा शब्द हवा, आणि त्यांनी तशी टीप दिली. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिलं तेव्हा शब्द तिथे होता. प्रतीची प्रत होताना एक शब्द गळला होता. साधा शब्द नव्हे. स्त्रीच्या संयमाविषयीच्या चर्चेतला हा कळीचा शब्द, आणि त्यावरून विद्वानांत पुढे मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवा. प्रत करणाऱ्यांनी काही मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. हजारो पानं उतरवताना एक शब्द निसटतोच. तो निसटला हे दोन गोष्टींमुळे कळलं. कुणीतरी अर्थ लावत वाचलं, आणि मूळ ताडपत्र अजून जागेवर होतं.

दुकानातला मुलगा या दोन्ही गोष्टी काढून घ्यायला निघाला होता. संध्याकाळपर्यंत कॉपी म्हणजे ताडून पाहायला वेळ नाही, आणि जुन्या डिस्क एक्स्चेंजमध्ये म्हणजे मूळ ताडपत्रच गेलं.

आमच्या शेजारचं उदाहरण

कुणी म्हणेल, घरातल्या डब्यासाठी एवढं कशाला? तर मोठ्यांचं बघा. आमच्या घरापासून रिक्षाने थोड्याच अंतरावर, वांद्रे-कुर्ला संकुलात, राष्ट्रीय शेअर बाजार आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला, बुधवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तिथले व्यवहार थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला आणि त्याचा परिणाम साठवणुकीच्या यंत्रणेवर झाला, असं बाजाराने नंतर सांगितलं. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. चेन्नईला त्यांचं पर्यायी केंद्र तयार होतं. पण त्या दिवशी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत.

त्यानंतर सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि मग ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचं. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडला. सकाळचं सत्र मुख्य केंद्रातून चालवलं आणि साडेअकरा ते साडेबाराचं सत्र पर्यायी केंद्रातून, खरेखुरे सौदे करून. १८ मेच्या शनिवारी पुन्हा तसंच केलं. मला हे शनिवार फार आवडले. पर्यायी केंद्र आहे हे कागदावर दाखवणं वेगळं आणि एक तास त्याच्यावर खरा बाजार चालवून बघणं वेगळं. हेच ते वाचन.

उचलणं आणि ठेवणं

आपल्या पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहायचं, पिंछीने मार्जन करायचं, मगच उचलायचं किंवा ठेवायचं. ती आहे जीवदयेसाठी, हार्ड डिस्कसाठी नव्हे, हे मला कळतं. पण लक्ष कुठे द्यावं याची ती उत्तम शिकवण आहे. प्रत करणारे सगळे आदानाकडे बघतात, म्हणजे जुन्यातून उचललं का. निक्षेपणाकडे, म्हणजे नव्यात नीट ठेवलं गेलं का, तिकडे कुणी बघत नाही.

आम्ही केलं ते असं.

जुन्या डिस्क नव्या डब्यात घातल्या नाहीत. वेगळ्या कंपनीच्या डब्यात जुन्या डिस्क घातल्या की तो बहुधा आधी त्या कोऱ्या करायची परवानगी मागतो. सवयीने ‘होय’ दाबलं की संपलं. नव्या डब्यात नव्या डिस्क घातल्या, आणि काहीही भरण्याआधी त्यांची पूर्ण तपासणी करायला लावली. त्यात दीड दिवस गेला. नवी डिस्क बिघडायचीच असेल तर अनेकदा सुरुवातीच्या काळातच बिघडते, म्हणून हा दीड दिवस मला महाग वाटला नाही. दोन्ही डबे यूपीएसवर ठेवले.

मग रात्रीचं आपोआप होणारं काम बंद केलं. नाहीतर मधल्या वेळात एखादा फोन जुन्या डब्यात फोटो टाकतो आणि तो फोटो नव्यात येतच नाही. हलवेपर्यंत जुना डबा फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवला.

क्रम आधी ठरवला. जुनी डिस्क मध्येच दगावली तर काय आधी वाचलेलं असावं? मामंजींचा आवाज पहिला. मग फोटो, मग कागदपत्रं, आणि उतरवून ठेवलेले सिनेमे सगळ्यात शेवटी. डबा स्वतःच्या मनाने हलवू लागला तर बहुधा नावांच्या क्रमाने जाईल. त्याला काय माहीत आपल्या जिवाचं काय आहे ते!

वाय-फाय वापरलं नाही, केबल लावली. साध्या गिगाबिट केबलवर सेकंदाला फार तर ११० एमबी जातात. आमचे अडीच टीबी म्हणजे हिशेबाने साडेसहा तास. प्रत्यक्षात शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ लागली, कारण दीड लाख लहान लहान फोटो एका मोठ्या फायलीपेक्षा फार हळू जातात. आणि हो, ४ टीबीची डिस्क घेतली आणि पडद्यावर ३.६ दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने.

त्यानंतर निक्षेपण. फायलींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, हे पहिलं. मग चेकसम. प्रत्येक फायलीतल्या मजकुरावरून संगणक एक लांबलचक आकडा काढतो. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. दोन्ही डब्यांवरचे आकडे जुळवायला जवळजवळ हलवण्याइतकाच वेळ लागला. त्यात एक गंमत कळली. ‘पुऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशी नावं असलेल्या काही फायली एकीकडे नाहीत असं यादी म्हणत होती, पण डोळ्यांना त्या दोन्हीकडे दिसत होत्या. आपला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून किंवा ‘र’ खाली नुक्ता देऊन. जुने अॅपलचे संगणक नाव साठवताना दुसरी तऱ्हा वापरत. दिसायला एक, यंत्राला दोन. मराठीत नावं देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. फायली शाबूत होत्या, नावं नव्याने दिली.

आणि शेवटी ते काम, जे यंत्र करू शकत नाही. चेकसम जुळला म्हणजे नवं जुन्यासारखं आहे एवढंच कळतं. जुनंच आधी बिघडलेलं असेल तर? म्हणून उघडून पाहिलं, प्रत्येक वर्षातले थोडे फोटो, प्रत्येक फोल्डरमधला एक कागद. मामंजींच्या अकराही फायली सासूबाईंनी पूर्ण ऐकल्या, डोळे मिटून. सातव्या फायलीत मागे कुकरची शिट्टी होते तीसुद्धा जागेवर आहे, असं त्यांनी सांगितलं. यापेक्षा चांगली तपासणी मला माहीत नाही.

हलवताना टाकून द्यावं का?

इथे माझ्या एका मैत्रिणीचं आणि माझं जमलं नाही. तिचं म्हणणं, अपरिग्रह मानतेस ना, मग घर बदलताना जसं सामान कमी करतो तसं हलवतानाच अर्धं पुसून टाक. दीड लाख फोटो कशाला?

फोटो जास्त आहेत हे मला मान्य. एकाच केकचे चाळीस फोटो हा परिग्रहच आहे. पण हलवणं आणि निवडणं ही दोन वेगळी कामं, ती एका दिवशी करू नयेत. हलवताना घाई असते, एक डोळा पडद्यावरच्या टक्क्यांवर असतो. अशा वेळी जे पुसलं जातं ते विचाराने पुसलं जात नाही, आणि संख्या जुळवायची तर मध्ये काही पुसलेलं चालत नाही. आधी सगळं जसंच्या तसं हलवा, ताडून पाहा. मग महिन्याने, निवांत बसून, विवेकाने सोडा. त्याग शुद्धीत असताना करायचा असतो.

जुन्या डिस्क दिवाळीपर्यंत घरातच राहतील, वेष्टनात बांधून. नंतर त्या पूर्ण पुसून अधिकृत ई-कचरा संकलनाकडे देईन. न पुसता दिलेल्या डिस्कवर आपला पॅन, सह्या, मुलांचे फोटो सगळं असतं.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा नियम आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे हे नवं नाही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने तेच सिद्धांतग्रंथ पुढे ताम्रपटांवर कोरले गेले आणि फलटणला ठेवले गेले. माध्यम वेगळं, गावही वेगळं.

घराबाहेर म्हणजे वरच्या मजल्यावर नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, मिठी फुगली आणि वांद्रे पूर्व, कलानगर पाण्यात होतं. माझं माहेर सांगलीचं, पण ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिल्यावर ती प्रत तिथेही ठेवावीशी वाटेना. आमची तिसरी प्रत पुण्यात वन्संच्या कपाटात असते, आणि त्यांची आमच्याकडे.

आणखी एक. डब्याचा पासवर्ड आणि तो उघडायची पद्धत घरातल्या किमान दोघांना यायला हवी. आमच्याकडे ती एका कागदावर सोप्या मराठीत लिहून शेअर सर्टिफिकेटच्या फायलीत ठेवली आहे. मूडबिद्रीला ग्रंथ होते पण लिपी वाचणारे उरले नव्हते, हे विसरू नका.

श्रुतपंचमीला एवढं करा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टनं घालतो. धरसेन आचार्यांना आपल्यानंतर हे ज्ञान लोपेल अशी चिंता वाटली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं, त्या दोघांनी ते लिपीबद्ध केलं, आणि तो ग्रंथ पूर्ण झाल्याचा हा दिवस. स्मरणातून ताडपत्रावर, हे आपलं पहिलं मोठं स्थलांतर.

त्या दिवशी शास्त्रं पुसून झाली की बॅकअपलाही अर्धा तास द्या. वेगळ्या संगणकावर बसा, बॅकअपमधून तीन फायली परत आणा आणि उघडा. एक गेलेल्या माणसाची, एक घराच्या कागदपत्रांची, एक लहान मुलाची. उघडल्या तर वर्षभर निश्चिंत राहा. नाही उघडल्या, तर मूळ प्रत कुठे आहे ते त्याच दिवशी शोधायला लागा, म्हणजे अजून वेळ असेल.